शिबिरात मुलं काय शिकली, हे ठरवायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी शिबिरं जवळ आली की नव्याने कार्यक्रम अधिकारी झालेल्या सहकाऱ्यांचे फोन सुरू होतात. दत्तक गाव ठरलेलं असतं, सरपंचांशी बोलणं झालेलं असतं, किराणाही भरून झालेला असतो. अडतं ते एकाच ठिकाणी. सात दिवसांनी मुलं परत आली की त्यांचं मूल्यमापन करायचं कशाच्या आधारावर? मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एनएसएसचं, काम केलं. त्या काळात सहकाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं एनएसएसची असली तरी एनसीसी, युवा महोत्सव, एकांकिका किंवा क्षेत्रप्रकल्प बघणाऱ्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

सेवा ही सेवा म्हणूनच राहू द्यावी. तिथेही गुण कशाला आणायचे?

हा प्रश्न मला मनापासून पटतो. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. तेव्हापासून तिचं ब्रीद ‘मी नाही, तर तुम्ही’ या अर्थाचंच आहे. श्रमदानाला गुणांचं आमिष लावलं की फावडं हातात घेणाऱ्या मुलाचं लक्ष चराकडून वहीकडे जातं.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. मूल्यमापन आपण आजही करतोच. वर्षाला सेवेचे १२० तास भरले का ते पाहतो. मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणी त्यावर १० वाढीव गुणांचा लाभ मिळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या अभ्यासक्रमात सहशालेय उपक्रम, क्षेत्रप्रकल्प आणि समुदायकार्य यांना श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळू लागले आहेत. म्हणजे गुणपत्रिकेवर काहीतरी लिहिलं जाणारच. मग ते मुलाच्या खऱ्या शिकण्याशी जुळणारं असावं, एवढाच माझा आग्रह आहे. मूल्यमापन नीट केलं नाही तर गुण हजेरीला आणि सुबक फाइलला जातात, आणि ज्याने खरंच काही कमावलं तो मागे राहतो.

१२० तास भरले, सात दिवसांचं शिबिर झालं, प्रमाणपत्र मिळालं. अजून काय तपासायचं?

तासांवरून मुलगा तिथे होता एवढंच कळतं. तिथे त्याचं काय झालं, ते कळत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः याच चुकीत होतो. माझ्या तक्त्यात तीन रकाने होते: प्रभातफेरी ते शेकोटीपर्यंतची हजेरी, बौद्धिक सत्रातला सहभाग आणि अहवाल. एका शिबिरात एक मुलगा असा होता की बौद्धिकाला शेवटच्या रांगेत बसायचा, गटचर्चेत एक शब्द बोलायचा नाही, सांस्कृतिक कार्यक्रमात तर दिसायचाच नाही. सहभागाच्या रकान्यात मी त्याला सगळ्यांत कमी गुण दिले. पुढच्या महिन्यात उरलेले फावडे-घमेले आणायला गावात गेलो, तेव्हा पारावरच्या एका आजीने विचारलं, “तो अर्ज लिहिणारा पोरगा नाही आला का?” चौकशी केली तेव्हा कळलं की रोज दुपारी, बाकीची मुलं जेवून लवंडायची त्या वेळात, हा पारावर बसून म्हाताऱ्या माणसांची कागदपत्रं वाचून दाखवत होता. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज त्याने तिघांना भरून दिले होते. कुठला दाखला कमी आहे आणि तो तलाठ्याकडून मिळतो की तहसील कार्यालयातून, हे तो विचारून आला होता.

माझ्या तक्त्यात यासाठी रकानाच नव्हता. गुण पाठवून झाले होते, ते बदलता आले नाहीत. मी त्याला बोलावून हे सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ द्या सर.” त्याने ते सोडून दिलं. मला मात्र ते सोडून देता आलं नाही, आणि त्या वर्षीपासून मी तक्ता बदलला.

मग नेमकं बघायचं काय?

प्रसंग बघायचा. ‘नेतृत्वगुण’, ‘सामाजिक जाणीव’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असे मोठे शब्द प्रस्तावात ठीक असतात, पण शिबिराच्या मांडवात उभं राहून ते कोणाला दिसत नाहीत. दिसतं ते एवढंच: ठरलेलं बिघडलं तेव्हा या मुलीने काय केलं? न पटणारं कोणी बोललं तेव्हा हा मुलगा थांबून ऐकत राहिला का? काल जे चुकलं, ते आज वेगळ्या रीतीने करून पाहिलं का?

शिबिराआधी तीनच गोष्टी ठरवा, जास्त नकोत. आमच्या ठरलेल्या तीन अशा: गावातल्या माणसांशी बोलणं, अडचण आल्यावर केलेली कृती आणि गटातलं वागणं. प्रत्येकीच्या चढत्या पायऱ्या साध्या मराठीत लिहून ठेवा. ‘गावातल्या माणसांशी बोलणं’ याच्या आमच्या पायऱ्या सांगतो. पहिल्या पायरीवरचा विद्यार्थी हातातली प्रश्नावली वाचतो आणि उत्तरं भरतो. दुसऱ्या पायरीवर तो उत्तर ऐकून पुढचा प्रश्न स्वतःच्या मनाने विचारतो. तिसऱ्या पायरीवर आपला प्रश्नच चुकीचा होता हे त्याच्या लक्षात येतं आणि तो बदलतो. “घरात शौचालय आहे का?” असं विचारणारी मुलगी तिसऱ्या दिवशी “पाणी किती लांबून आणता?” असं विचारू लागते, कारण शौचालय बांधलेलं असूनही का वापरात नाही, हे तिला घरातल्या बायांनी सांगितलेलं असतं. चौथ्या पायरीवर विद्यार्थी दुसऱ्या दिवशी त्याच घरी परत जाऊन ‘मला जे समजलं ते बरोबर आहे का’ असं विचारतो.

या पायऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी वाचून दाखवा. त्याने नाटकीपणा येईल, अशी भीती मलाही होती. प्रत्यक्षात झालं असं की चौथी पायरी ऐकल्यामुळेच काही मुलं दुसऱ्या दिवशी परत गेली. नुसतं पायरी गाठायची म्हणून गेली असतील, तरी गेल्यावर ऐकून आली.

दैनंदिनी सगळे एकमेकांची बघून लिहितात. ‘आज सकाळी लवकर उठलो, प्रभातफेरी काढली, श्रमदान केले.’ तिचा उपयोग काय?

तशा दैनंदिनीचा काहीच उपयोग नाही. दोष मात्र मुलांचा नाही. आपण ‘दैनंदिनी लिहा’ म्हणतो, म्हणून ते दिवसाचं वेळापत्रक उतरवून काढतात. माझ्याकडे एका वर्षी अशी वही आली होती की तिच्यात शिबिर संपल्यानंतरच्या दोन दिवसांचंही श्रमदान लिहिलेलं होतं.

रोज रात्री चारच प्रश्न द्या. आज काय ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं? कुठे अडलं? कोणाच्या बोलण्याने तुझा विचार थोडा तरी हलला? उद्या काय वेगळं करशील? अर्धं पान पुरे. जेवणानंतर, शेकोटीच्या आधी, सगळ्यांनी एकाच वेळी पंधरा मिनिटं लिहायचं आणि वह्या तिथेच गोळा करायच्या. घरी जाऊन आठवून लिहिलेल्या वहीत सगळं छान छान होऊन जातं. त्याच रात्री लिहिलेल्या वहीत हाताला आलेले फोड असतात, भाजी करपल्याचा राग असतो आणि गटप्रमुखाशी झालेलं भांडण असतं. शिकणं तिथेच सापडतं.

चौथ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. सोमवारी ‘उद्या वेगळं करीन’ म्हणून लिहिलेलं मंगळवारी केलं का, हे पुढच्या पानावर लगेच दिसतं. सात पानं ओळीने वाचली की मुलाचा आठवडा डोळ्यांसमोर उभा राहतो. आणि भाषेची अट घालू नका. आमच्याकडे काही मुलं अहिराणीत लिहायची आणि प्रमाण मराठीत लिहिताना जी दोन ओळींत आटपायची, ती अहिराणीत पानभर लिहायची. आपल्याला वाचता येत नसेल तर त्या मुलालाच वाचून दाखवायला सांगा. ते ऐकणंही मूल्यमापनच आहे.

आम्ही पहिल्या आणि शेवटच्या दिवशी एकच प्रश्नावली भरून घेतली. शेवटच्या दिवशी गुण कमी झाले! शिबिराने मुलं मागे गेली का?

नाही. यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट बऱ्याचदा ही चांगली खूण असते. पहिल्या दिवशी ‘मला गटात काम करता येतं’ या वाक्यापुढे मुलगा पाचपैकी पाच देतो, कारण गटात काम म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं. सात दिवस दहा जणांबरोबर एकाच खोलीत राहून, भांडी घासून, चराची खोली किती ठेवायची यावर वाद घालून झाला की तो चार देतो. त्याची मोजपट्टीच बदललेली असते. अभ्यासकांनी या घोटाळ्याची नोंद फार पूर्वीच केली आहे आणि त्यावर उपायही सुचवला आहे.

उपाय असा: शेवटच्या दिवशी दोन्ही प्रश्न एकत्र विचारा. ‘आज तू कुठे आहेस?’ आणि ‘आज जे कळलं त्यावरून बघता, पहिल्या दिवशी तू खरं तर कुठे होतास?’ दोन्ही उत्तरं एकाच मोजपट्टीने दिली जातात. याचीही एक खोट आहे. आपण खूप बदललो, असं दाखवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि सरांना काय आवडेल हे मुलांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून आकड्याखाली ‘हा फरक कोणत्या प्रसंगात दिसला?’ अशी एक रिकामी ओळ ठेवा. जिथे प्रसंग लिहिलेला नाही, तिथल्या आकड्यावर मी विसंबत नाही.

कामच फसलं तर? गुण कसे द्यायचे?

काम आणि शिकणं यांचे दोन वेगळे रकाने ठेवा. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

वनराई बंधाऱ्याचं उदाहरण घ्या. पावसाळा संपल्यावर ओढ्याचं वाहतं पाणी अडवायला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरून रचतात. सांधे नीट बसले नाहीत, थरांमधल्या फटी चिकणमातीने लिंपल्या नाहीत, तर खालून पाणी सुटतं. आमच्या एका गटाचा बंधारा असाच दुसऱ्या दिवशी गळू लागला. शेजारच्या गटाचा पक्का होता, कारण त्यांच्याबरोबर गावातले दोन जाणते शेतकरी होते आणि मुलांनी फक्त गोण्या उचलून दिल्या होत्या. फसलेल्या गटाने गळतीची जागा शोधली, त्याच शेतकऱ्यांना जाऊन विचारलं, अर्धा बांध उतरवून पुन्हा रचला, आणि शिबिर संपल्यानंतरच्या रविवारी स्वतःच्या पैशाने एसटीने येऊन तो पाहून गेले. काम म्हणून पाहिलं तर शेजारच्या गटाचा बंधारा सरस होता. शिकणं फसलेल्या गटाचं जास्त होतं. एकच रकाना असता तर फसलेल्या गटावर अन्याय झाला असता.

याच्या उलट बाजूही सांगायला हवी. काही ठिकाणी कामाचीच पारख करायची असते आणि तिथे भीड ठेवून चालत नाही. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी करंडकाला पात्र एकांकिकाच नाही असं ठरवलं, आणि करंडक कोणालाही दिला नाही. त्यावर खूप वाद झाला. माझं मत असं आहे की रंगमंचावरच्या कलाकृतीचा कस लावायचा असेल, तर तो परीक्षकांचा अधिकारच आहे. पण त्याच एकांकिकेसाठी तालमीला रात्र रात्र जागलेली, प्रकाशयोजना शिकलेली, पडदा ओढणारी मुलं काय शिकली, हे करंडकावरून कधीच कळणार नाही. ते पाहण्याची जबाबदारी परीक्षकांची नसून त्यांच्या महाविद्यालयाची आहे. ज्या वर्षी करंडक हुकतो, त्या वर्षी तर ती जास्तच आहे.

मुलांनी एकमेकांना गुण द्यावेत का?

गुण देऊ नयेत. सगळे सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात, नाहीतर जुना राग काढतात. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्या गटात काम अडलं होतं तेव्हा ते कोणामुळे पुढे सरकलं? प्रसंग लिहा.’ स्वयंपाकघरात पहाटे चारला उठून चहा ठेवणाऱ्या मुलीचं नाव मला दरवर्षी याच कागदातून कळलं आहे.

गावकऱ्यांचं मत घ्यायचं का? समारोपाला ते कौतुकच करतात.

घ्या, पण समारोपात घेऊ नका. हार-नारळ झाल्यावर आणि माईक हातात आल्यावर कोण तक्रार करेल? दोन आठवड्यांनी दोन विद्यार्थ्यांना घेऊन गावात जा. अंगणवाडीसेविका, आशाताई, ज्यांच्या शेताजवळ काम झालं ते शेतकरी, आणि शाळेत मुक्काम होता म्हणून तिथले गुरुजी, यांच्याशी बसून बोला. ‘कोणतं काम टिकलं? पोरांचं काय खटकलं? कोणाची आठवण राहिली?’ एवढंच विचारा. एकदा एका बाईने सांगितलं की मुलं सर्वेक्षणाला आली ती ऐन पाणी भरायच्या वेळेला, आणि उत्तरं देता देता तिचं पाणी गेलं. हे ऐकल्यावर बरोबरच्या दोन विद्यार्थिनी गप्प झाल्या. पुढच्या वर्षी सर्वेक्षणाची वेळ ठरवायच्या आधी त्या दोघी स्वतःहून गावात विचारायला गेल्या.

घरून रात्री राहायची परवानगी नाही, किंवा मी कामाला जातो. माझं मूल्यमापन कमीच होणार का?

होऊ नये. प्रत्यक्षात होतं, आणि ते चुकीचं आहे. एखाद्या मुलीला रात्री राहू देत नाहीत, यात तिचा काय दोष? पेट्रोल पंपावर रात्रपाळी करून सकाळी वर्गात येणारा मुलगा शिबिराच्या सात दिवसांचा पगार कुठून आणणार? अशा विद्यार्थ्यांना दिवसभर येऊन-जाऊन काम करण्याची सोय द्या. ते जमत नसेल तर त्यांच्या वस्तीतलं, जवळच्या आरोग्य केंद्रातलं किंवा शाळेतलं काम धरा. निकष तेच ठेवा, फक्त जागा बदला.

आणि नोकरी करणाऱ्या मुलाचं कामही शिकणंच असतं, हे आपल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायची गरज पडू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजमध्येही मुलं अंगमेहनत करून शिकली. त्या श्रमाला शिक्षणाचा भाग मानलं गेलं होतं. आज दुकानात हिशेब ठेवणाऱ्या, डबे पोचवणाऱ्या विद्यार्थ्यालाही दैनंदिनीचे वरचे चार प्रश्न द्या आणि त्याची वही वाचा. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, मालक रागावला तर काय करायचं, महिन्याचं गणित कसं जुळवायचं, याबद्दल तो जे लिहितो ते आमच्या बौद्धिक सत्रांत मी क्वचितच ऐकलं आहे.

मुलांनी मन मोकळं करून लिहावं अशी अपेक्षा ठेवायची का?

अपेक्षा ठेवू नका, सक्ती तर मुळीच नको. गावात जेवायला बसताना कोणाला वेगळं बसवलं गेलं, कोणाला आडनाव विचारलं गेलं, कोणाला घरची परिस्थिती आठवली, हे सगळं शिबिरात घडतं. विद्यार्थी ते लिहीलही. पण दुःख उघड केल्याचे जास्त गुण, हा व्यवहार कधीही होता कामा नये. वहीत ‘हे पान फक्त माझं’ अशी चौकट काढून पान दुमडण्याची मुभा द्या आणि दुमडलेलं पान उघडू नका. मी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर हे सांगायचो आणि पाळायचो. त्यानंतर उरलेली पानं जास्त खरी होत गेली. त्रास झाल्याचं कोणी लिहिलं असेल, तर मात्र गुणांचा विचार बाजूला ठेवून आधी त्या मुलाशी एकांतात बोला.

नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी, फोटो आणि अहवाल लागतात. तेच पुराव्यात धरू का?

ते संस्थेच्या कामाचे पुरावे आहेत, मुलाच्या शिकण्याचे नाहीत. दोन फाइली वेगळ्या ठेवा. आणि गावातल्या माणसांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका.

युनिटमध्ये १०० स्वयंसेवक आणि मी एकटा. हे सगळं वाचणार कधी?

शिबिराला साधारण निम्मे, म्हणजे ५० जण येतात. रोज रात्री १० वह्या वाचल्या, एका वहीला सहा मिनिटं दिली, तर तासभर लागतो. पाच रात्रींत प्रत्येकाची वही एकदा वाचून होते. उरलेल्या दोन रात्रींत ज्यांच्याबद्दल काहीच नजरेत आलं नाही अशा मुलांच्या वह्या पुन्हा घ्या. गप्प राहणारी मुलं तिथेच सापडतात. प्रत्येक वहीत एक ओळ लिहा, आणि ती ‘छान’ नको. ‘त्या काकांना पुन्हा भेटलास का?’ असं काहीतरी लिहा. सर वाचतात हे मुलांना दुसऱ्या दिवशी कळतं आणि तिसऱ्या दिवसापासून वही बदलते.

नोकरीच्या मुलाखतीत ‘एनएसएस केलं’ यापलीकडे काय सांगू?

एक प्रसंग सांग, आणि तो आकड्यासकट आणि चुकीसकट सांग. ‘आमच्या गटाने ४० घरांचं पाण्याचं सर्वेक्षण केलं, पहिल्या दिवशी प्रश्न चुकले म्हणून दुसऱ्या दिवशी बदलले, आणि तो तक्ता ग्रामसभेत मी वाचून दाखवला.’ तुझी दैनंदिनी जपून ठेव, कारण तीन वर्षांनी हे तपशील आठवत नाहीत.

कोणाला नापास करायचं का?

न आलेल्याला श्रेयांक देऊ नका, ते स्पष्ट आहे. आलेल्या, पण पहिल्याच पायरीवर राहिलेल्या मुलाला नापास करू नका. त्याला बोलावून त्याचीच पानं त्याच्यासमोर ठेवा आणि पुढच्या सत्रात एक काम द्या. आमच्याकडे दोन वर्षांची, २४० तासांची मुदत असते. ती अशा मुलांसाठी वापरायची.

शिबिर संपल्यावर किती दिवसांनी शेवटचं मूल्यमापन करावं?

गुण विद्यापीठाच्या तारखेपर्यंत पाठवावेच लागतात, ते पाठवा. पण सहा महिन्यांनी, पावसाळा लागल्यावर, सगळ्यांना एका दुपारी वर्गात बोलवा. प्रत्येकाची वही परत द्या आणि त्यातलं एक पान मोठ्याने वाचायला सांगा. मग विचारा: यातलं काय तू नंतर घरी, गल्लीत किंवा कामावर केलंस? पहिल्या वेळी आमच्या वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका मुलीने सांगितलं की शिबिरात खणला होता तसाच शोषखड्डा तिने आणि तिच्या भावाने घरामागे खणला, आणि आता सांडपाणी रस्त्यावर येत नाही. तिच्या शेजारच्या मुलाने लगेच विचारलं, “किती फूट खोल घेतला?” आणि ते दोघं फळ्यावर आकृती काढायला उठले.